बाबांचं ताट

आई,

मागच्या महिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. घाटकोपरला आपल्या खोलीच्या डाव्या हाताला राहायच्या त्या, ज्यांचे यजमान गिरणीच्या संपानंतर दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. आता त्या मुलाकडे मुलुंडला असतात, फार थकल्यात, म्हणून बघायला गेले होते. त्यांनी माझा हात हातात घेतला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एक गोष्ट सांगितली. सांगताना त्यांना वाटत होतं की त्या तुझं कौतुकच करतायत. ते ऐकल्यापासून मला तुझ्याशी भांडायचं आहे. तू जाऊन वीसएक वर्षं झाली, त्यामुळे हे भांडण एकतर्फी होणार हे कळतं मला. पण तू होतीस तेव्हा तरी कुठे दुतर्फी झालं असतं? तू भांडायचीच नाहीस. उठून गॅसवर काहीतरी ठेवायचीस आणि म्हणायचीस, "आधी खाऊन घे, मग बोलू." खाऊन झालं की बोलायचं राहून जायचं.

काकू काय म्हणाल्या ते सांगणारच आहे, पण त्याआधी ताटाबद्दल बोलायला हवं, आणि त्याबद्दल आपण दोघी कधीच धड बोललो नाही. मला तुझ्याकडून जन्मभर एकच वाक्य हवं होतं. 'तिला मी खायला लावलं.' एवढंच. कुणाहीसमोर, एकदाच. माफीबिफी नको होती, आईने मुलीची माफी मागायची आपल्याकडे पद्धतही नव्हती. पण ते एक वाक्य तू बोलली असतीस तर मी आरशासमोर जरा वेगळी उभी राहिले असते असं मला अजून वाटतं. हसू नकोस. पन्नाशी उलटली म्हणून असल्या गोष्टी वाटायच्या थांबत नाहीत.

मी सातवीत होते तेव्हा बाबा रात्री घरी यायचे बंद झाले. भांडुपच्या कारखान्यात होते ते, सगळ्या मजल्याला माहीत होतं. तू सांगायला सुरुवात केलीस की आता त्यांना कायमची रात्रपाळी लागलीय, पाळीच्या मधल्या सुट्टीत घरी येऊन जेवतात आणि उजाडायच्या आत परत जातात. असली पाळी कुठल्या कारखान्यात असते हे कुणी विचारलं नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी बाबा दिवसाढवळ्या यायचे, खुर्चीत बसून चहा घ्यायचे, माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करायचे. एकदा त्यांनीच मला सांगितलं की चारकोपला नवीन वसाहत झालीय, तिथे एक खोली मिळालीय, कामाला जायला सोयीची पडते. चारकोप कुठे आणि भांडुप कुठे! एवढा भूगोल मला येत होता. मी तुझ्याकडे बघितलं तर तू चहाच्या कपात साखर ढवळत होतीस, ती विरघळून गेल्यावरही ढवळत होतीस. चारकोपच्या त्या खोलीत आणखी कोण राहतं हे मला पुढे कळलं, तेही तुझ्याकडून नाही.

पण तू स्वयंपाक तिघांना पुरेल एवढा करत राहिलीस. रात्री मला वाढायचीस, आणि माझ्या शेजारी बाबांचा पाट मांडून त्यांचं ते मोठं स्टीलचं ताट वाढायचीस. पोळ्या, भात, आमटीची वाटी, लोणचं, आणि मासे असले तर सुरमईची मधली तुकडी. वर दुसरं ताट झाकण. तू स्वतः जेवायची नाहीस. "हे आल्यावर बसेन मी." हे येत नव्हते. पहिल्या आठवड्यातली ती सकाळ मला अशी आठवते की आत्ता डोळे मिटले तरी दिसते. सहा वाजलेत. मी उठून मोरीकडे जाते तर तू भिंतीला टेकून बसली आहेस, अंगावर कालचीच साडी, समोर झाकलेलं ताट जसंच्या तसं. भांडीवाली मावशी सातला येते. ती मजल्यावरच्या चार घरांची भांडी घासते आणि चार घरांच्या बातम्या इकडून तिकडे पोचवते. तू माझ्याकडे बघून म्हणतेस, "ये गं, बस इथे. दोन घास खा. ताट उष्टं दिसायला हवं."

मी दोन घास खाल्ले. थंडगार भात आणि दाटून गेलेली आमटी. तू ताटाकडे बघितलंस आणि म्हणालीस, "पुरुषमाणूस एवढंच जेवतो होय?" म्हणून आणखी खाल्लं. मग पोळी खाल्ली. मग मासा, कारण काटे दिसायला हवेत. भाताचा ढीग खाली गेला तेव्हा तू ताट स्वतःकडे ओढलंस, त्यात उरलेलं कालवलंस आणि खाली मान घालून जेवलीस. हे मला नवीन नव्हतं. तू कायम बाबांच्याच ताटात, त्यांचं झाल्यावर जेवायचीस. लग्न होऊन आलीस त्या दिवशी सासूबाईंनी शिकवलेलं, ते तू कधी मोडलं नाहीस. बाबा जेवल्याशिवाय तुला जेवता येत नव्हतं. आणि आता बाबा येत नव्हते, तर त्यांच्याऐवजी मी जेवले की तुझ्या लेखी ते जेवलेले असायचे. हे सगळं मला तेव्हा एवढं नीट कळलं नव्हतं. एवढंच कळलं होतं, की मी जेवले नाही तर तू जेवणार नाहीस.

एकदा मी नाही म्हटलं होतं, आठवतं? माझं पोट दुखत होतं, नुकती पाळी सुरू झाली होती. तू ताट उचललंस, अन्न एका डब्यात काढून ठेवलंस आणि दिवसभर नुसत्या चहावर राहिलीस. संध्याकाळी शाळेतून आले तर तू ओट्याला धरून उभी होतीस आणि तुझे ओठ पांढरे पडले होते. तुला खाली बसवून मी साखरपाणी पाजलं. त्यानंतर मी कधी नाही म्हटलं नाही. रोज सकाळी सहाला बाबांचं रात्रीचं जेवण, दुपारी शाळेत माझा डबा, रात्री माझं जेवण. आणि तू समोर बसलेली. आमटी गरम करून द्यायला लागलीस नंतर. "मीठ बरोबर आहे ना?" विचारायचीस. "तिखट तर नाही ना झालं?" तो आवाज तू माझ्याशी बोलताना काढायची नाहीस, तो त्यांच्यासाठीचा होता. मला विचित्र वाटायचं, आणि बरंही वाटायचं. दिवसभरात तू माझ्यासमोर निवांत बसायचीस ती तेवढ्याच वेळात. पोटात जागा नसली तरी मी आणखी थोडा भात मागायचे, तू बसून राहावंस म्हणून.

अंग सुटायला काय वेळ लागतो त्या वयात! आठवीच्या मध्यापर्यंत निळा स्कर्ट कमरेला येईना. तू शिवण उसवलीस, आतलं कापड सोडलंस, परत शिवलंस. पुढच्या वेळी आत सोडायला कापड उरलं नव्हतं तेव्हा दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडल्यास. निळ्याच होत्या, पण तो निळा वेगळा होता. शाळेत सगळ्यांना तो लांबून दिसायचा. सकाळी बांगड्याचं तिखलं खाऊन जायचे, कितीही साबण लावला तरी हाताला वास राहायचा, आणि बाकावरच्या मुलीने एक दिवस बाईंना सांगून जागा बदलून घेतली. "बाई, ही मासळीबाजारातून येते." वर्ग हसला. मीही हसले, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं. लेझीम मला मनापासून आवडायची. पाचवीपासून पथकात होते, सव्वीस जानेवारीला पुढच्या रांगेत असायचे. आठवीत बाईंनी मला बाजूला घेतलं आणि गोड शब्दांत सांगितलं की रांग एकसारखी दिसायला हवी, तू या वर्षी ढोल सांभाळ. वाजवायचा नाही हं, सांभाळायचा. मैदानाच्या कडेला मी ढोल धरून उभी, तर रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अगं ढोल कशाला, हिच्यावरच वाजवा ना!"

त्या दिवशी मी घरी येऊन रडले. खरं म्हणजे तुला सगळं सांगायचं ठरवूनच आले होते: मला सकाळचं जेवण नको, माझ्याच्याने होत नाही. तू ऐकून घेतलंस, माझ्या डोक्यावरून हात फिरवलास आणि सांजा केलास, काजू घालून. "जळू दे लोकांना. खात्यापित्या घरची दिसतेस म्हणून पोटात दुखतंय त्यांच्या." मी सांजा खाल्ला. माझा विश्वास बसला तुझ्यावर! मग सवयच लागली. कुणी काही बोललं की घरी येऊन खायचं. चिडवलं की खायचं, परीक्षेत कमी पडले की खायचं, बाबा रविवारी येऊन गेले की तर खायचंच. भूक कुठली आणि दुःख कुठलं हे मला वेगळं ओळखता येईना. आजही येत नाही नीट. डॉक्टर म्हणतात मनावर घ्या. मनावर घेतलं म्हणूनच तर हे झालं, असं त्यांना सांगावंसं वाटतं.

पण त्या तीन वर्षांचा मला राग नव्हता, आई. खरंच नव्हता. आपण दोघी मिळून काहीतरी राखतोय असं वाटायचं मला. मुली बाहेर चिडवायच्या तेव्हा मी मनात म्हणायचे, तुम्हाला काय माहीत मी का खाते. मला मोठेपणा वाटायचा. घरातलं सगळ्यात अवघड काम तू माझ्यावर सोपवलं होतंस आणि मी ते न चुकता करत होते. कधी ना कधी हे संपेल आणि तू मला जवळ घेऊन म्हणशील की पोरीने केवढं केलं माझ्यासाठी, याची मी वाट बघत होते. मूर्ख होते.

दहावीच्या दिवाळीच्या सुट्टीत, भर दुपारी बाबा आले. हातात रेक्झिनची मोठी बॅग. गॅलरीतले काका खुर्चीतूनच म्हणाले, "या, या! संपली वाटतं रात्रपाळी!" आणि बाबा बॅग सावरत आत आले. चारकोपला काय झालं, का झालं, हे आपल्या घरात कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. तू पदर खोचलास आणि स्वयंपाकाला लागलीस. त्या दुपारी तुझे हात असे चालत होते की मी दारात उभी राहून बघत होते. ताट वाढलंस, गरम, वाफा येणारं. बाबा पाटावर बसले. तेवढ्यात काकू चकल्यांची ताटली घेऊन आल्या, निमित्त फराळाचं, पण बघायलाच आल्या होत्या. बाबांनी पहिला घास घेतला, मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. दर महिन्याला बघतच होते, पण त्या दिवशी नीट बघितलं असावं. म्हणाले, "ही किती सुटलीय गं! काय गं ए, बापाच्या वाटचंही तूच खाल्लंस की काय?"

हसत म्हणाले ते. त्यांना काय माहीत. मी तुझ्याकडे बघितलं. तुझ्या हातात पोळ्यांचा डबा होता. मला वाटलं, आता. आता तू बोलशील. फार काही नको, 'असू दे हो, मीच वाढते तिला' एवढं म्हणालीस तरी पुरे. नुसती गप्प राहिली असतीस तरी मी समजून घेतलं असतं. पण तू हसलीस. तीन वर्षांत तुला तशी हसताना मी पाहिलं नव्हतं. बाबांच्या ताटात पोळी घालत म्हणालीस, "विचारूच नका. सकाळी डोळे उघडले की जेवण लागतं हिला! मी तरी किती अडवू? तोंडाला काही खळच नाही." काकूंनी मान खाली घातली. बाबा म्हणाले, "मुलीच्या जातीला बरं नव्हे." आणि तू म्हणालीस, "तेच सांगते मी तिला." मग त्यांचं झाल्यावर तू त्यांच्या ताटात बसलीस आणि भरपूर जेवलीस. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले. मला रडू येत नव्हतं. मला भूक लागली होती, आई. एवढं ऐकूनसुद्धा मला भूक लागली होती, आणि त्याची मला जी शरम वाटली ती मी अजून विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सवयीने सहाला जाग आली. स्वयंपाकघरात आले तर तू बाबांसाठी चहा टाकत होतीस. म्हणालीस, "कशाला उठलीस एवढ्या लवकर? झोप जा." जशी काही मी रोज नऊपर्यंत झोपत होते! त्या दिवसापासून माझ्या ताटात दोन पोळ्या. तिसरी मागितली तर बाबांसमोर "बास आता," आणि एक नजर. सकाळी लिंबूपाणी. काकडी. संध्याकाळी वसाहतीला फेऱ्या मारायच्या, बाबा गॅलरीतून बघणार. मामाकडच्या लग्नात तू बायकांच्या घोळक्यात सांगत होतीस, मी मागेच उभी होते, "काय सांगू, खाण्यापुढे हिला काही सुचतच नाही. हिच्या बाबांवर गेली असती तर सडपातळ झाली असती." मग मी चोरून खायला शिकले. डब्यातली साखर, वाटलेलं खोबरं, दाण्याचं कूट, मूठभर, दाराआड. तू एकदा पकडलंस आणि म्हणालीस, "लाज नाही वाटत?" मी तुझ्याकडे बघत राहिले. तुझ्या डोळ्यांत खरोखर आश्चर्य होतं. तू सोंग करत नव्हतीस. ते सगळं तू पुसून टाकलं होतंस, आणि पुसताना मला त्या बाजूला एकटीला ठेवून इकडे निघून आली होतीस.

मी विचारलं होतं तुला. पहिल्या बाळंतपणाला आले होते तेव्हा. तू डिंकाचे लाडू वळत होतीस, बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मी हळूच म्हटलं, "आई, ते ताट आठवतं तुला? बाबांचं, मी सकाळी जेवायचे ते?" तू लाडू वळायची थांबली नाहीस. "कुठलं ताट? काहीतरीच तुझं. तुझे बाबा रात्रपाळीतून मध्येच रोज घरी यायचे, जेवायचे आणि उजाडायच्या आत जायचे. तू झोपलेली असायचीस, तुला काय कळणार." एवढ्या शांतपणे म्हणालीस की क्षणभर मलाच वाटलं, खरंच असेल का? मीच काही मनाचं धरून बसलेय का? मग बाहेरून बाबा खोकले. तू लाडवांची थाळी माझ्यापुढे सरकवलीस आणि म्हणालीस, "खा, आता दोन जिवांचं खायचंय." पुढे बाबा गेले, त्यांच्या मागून तू गेलीस. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात मी तुझ्याजवळ बसून असायचे, आणि अजूनही वाट बघायचे. तू पाणी मागितलंस, उशी सरळ करायला सांगितलीस, नातवंडांची नावं घेतलीस. ते वाक्य आलं नाही.

मला वाटायचं, जाऊ दे. बिचारीवर वेळच तशी होती. चार लोकांत अब्रू राखायची होती, त्यात मी भरडले गेले. एवढी समजूत मी स्वतःची घातली होती आणि त्यावर इतकी वर्षं काढली. आणि मग काकू. माझा हात कुरवाळत म्हणाल्या, "बाय गो, तुझ्यासाठी जीव तुटायचा आमचा. एवढीशी पोर, बापाची वाट बघत बसायची." मी म्हटलं, "मी?" तर म्हणाल्या, "तुझ्या आयशीनच सांगितल्यान माका. म्हणाली, पोर बापासाठी झुरतेय. त्याचं ताट मांडल्याशिवाय झोपत नाही, आणि सकाळी उठून स्वतःच जेवते आणि म्हणते, बाबा येऊन गेले. तिचं मन मोडू नका, तिला कुणी काही विचारू नका. म्हणून गो आम्ही सगळे गप्प. आमचे हे तर रात्रभर जागेच असायचे, गॅलरीतच पडायचे, त्यांना दिसत नव्हतं होय कोण येतंय न कोण जातंय? मावशीला पण सांगून ठेवलेलं तिने, ताट बघून काही बोलू नको म्हणून. तुझी आई माऊली होती, बाय. तुझ्यासाठी केवढं सोंग केलं तिने!"

मी विचारलं, "हे तिने कधी सांगितलं तुम्हाला?" म्हणाल्या, "सुरवातीलाच. तो जाऊन महिना पण झाला नसेल."

महिना पण झाला नसेल. म्हणजे मावशीला माहीत होतं. काकूंना, काकांना, चारही घरांना माहीत होतं. ताट उष्टं दिसण्याची काही गरजच नव्हती, आई! मी ज्यांच्यापासून तुला वाचवत होते ते सगळे माझी कीव करत होते, आणि तुला ते ठाऊक होतं, कारण ती कीव तूच त्यांना दिली होतीस, माझ्या नावाने. नवरा टाकून गेलेली बाई व्हायचं नव्हतं तुला, म्हणून बापाविना झुरणारी मुलगी मला केलंस. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मला उठवून परत म्हणालीस, ये गं, बस, मावशी यायच्या आत. तीन वर्षं! अब्रूसाठी असतं तर मी समजू शकत होते. हे कुणासाठी होतं? तुला रोज कुणीतरी त्या पाटावर बसून जेवायला हवं होतं, एवढंच ना? मग तसं सांगायचं होतंस. मी बसले असते. न जेवताही बसले असते.

मुलुंडहून निघाले ती चालतच राहिले, गुडघे दुखेपर्यंत. त्या दुखण्यासाठीच मागच्या आठवड्यात मुलीने मला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. बाई कसली, तिशीची पोरगी. इतरांनी आजवर मला फक्त आता काय खाता, किती खाता, एवढंच विचारलं होतं. हिने माझ्या मुलीला बाहेर बसायला सांगितलं आणि म्हणाली, "काकू, मला सांगा, वजन वाढायला पहिल्यांदा कधी सुरुवात झाली? शाळेत असताना? त्या वेळी घरात काही ताण होता का? जेवणखाण कसं होतं तुमच्याकडे?" आणि पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. घाई नव्हती तिला. खोलीत तुला ओळखणारं कुणी नव्हतं. इतकी वर्षं जे तुझ्या तोंडून ऐकायला थांबले होते ते मला स्वतःलाच सांगता आलं असतं, आणि तिने ते खरं मानलं असतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. मी तिला म्हटलं, "छे हो, ताण कसला. वडील संध्याकाळी सहाच्या आत घरी असायचे. आम्ही तिघं रोज रात्री एकत्रच जेवायचो." ती "छान" म्हणाली. आणि आई, ते बोलताना मला फार बरं वाटलं.